पंचवीस सेंटचं तिकीट, अब्जावधींचा बाजार

न्यूयॉर्कच्या एका पडक्या वस्तीत शाळेचे नवे कपडे घ्यायचे म्हणून एका मुलीनं गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठेवला आणि त्या रात्रीतून हिप-हॉपचा जन्म झाला. आज बूट, टोप्या, जाहिराती, सिनेमा, बोलीभाषा, सगळ्यांवर त्याचा शिक्का आहे. पण ज्यांनी हे उभं केलं, त्यांच्या पदरात काय पडलं? आणि आपल्या घरातल्या पोरांनी यातून घ्यायचं काय, टाकायचं काय?

घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असेल तर हे चित्र तुमच्या ओळखीचं असणार. अंगात दोघं मावतील एवढा टी-शर्ट, डोक्यावर उलटी टोपी, कानात ती चिमुकली यंत्रं आणि ओठांतल्या ओठांत भराभरा चाललेली पुटपुट. मध्येच हात असा उडवायचा, जणू समोर कुणाशी भांडण चाललंय. आजी विचारते, ‘‘मेला स्तोत्र म्हणतोय की शिव्या देतोय?’’ आई कपाळाला हात लावते. बाबा पेपरात डोकं खुपसून म्हणतात, ‘‘आजकालची थेरं आहेत, जातील आपोआप.’’

इथंच बाबांचं चुकतं. ही थेरं आजकालची नाहीत आणि ती जाणारही नाहीत. या ‘थेरां’नी २०२३ सालीच पन्नाशी गाठली. म्हणजे ज्या पिढीनं हे सुरू केलं ती आज स्वतः आजोबा-आजी झाली आहे! मग हे प्रकरण आहे तरी काय? कुठून आलं? आणि कुरळ्या केसांच्या चार गरीब पोरांचा खेळ साऱ्या जगाच्या कपाटात, कानात आणि तोंडात कसा जाऊन बसला?

शाळेच्या कपड्यांसाठी जलसा

तारीख ११ ऑगस्ट १९७३. ठिकाण न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स हा भाग, सेजविक अव्हेन्यूवरची १५२० क्रमांकाची इमारत. इमारत कसली, आपल्याकडच्या म्हाडाच्या उंच चाळीसारखी, मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेली. तिथं राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा उघडण्याआधी नवे कपडे हवे होते. पैसे आणायचे कुठून? तिनं इमारतीतली करमणुकीची खोली भाड्यानं घेतली आणि तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. मुलींना पंचवीस सेंट, मुलग्यांना पन्नास. गाणी वाजवायची जबाबदारी थोरल्या भावावर, अठरा वर्षांच्या क्लाइव्हवर.

क्लाइव्ह मूळचा जमैकाचा. किंग्स्टन शहरात जन्मलेला, १९६७ साली ब्राँक्समध्ये आलेला. अंगापिंडानं दणकट म्हणून मित्र त्याला ‘हर्क्युलिस’ म्हणत, त्याचंच पुढं झालं ‘कूल हर्क’. जमैकात गल्लीबोळांत भलेमोठे स्पीकर लावून गाणी वाजवायची आणि त्यावर माईक घेऊन बोलत, यमकं जुळवत लोकांना नाचवायचं, ही रीत त्यानं लहानपणी पाहिलेली.

त्यानं एक गोष्ट हेरली होती. गाणं चालू असताना लोक नुसते डुलतात. पण मध्येच गायक थांबतो, बाकीची वाद्यं गप्प होतात आणि काही सेकंद फक्त ढोल-ताशाचा तुकडा वाजतो, तेव्हा पोरं अक्षरशः पेटतात. हा तुकडा म्हणजे ‘ब्रेक’. मग हर्कनं काय करावं? एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या आणि दोन रेकॉर्ड प्लेअरवर चढवल्या. एकीवरचा तुकडा संपत आला की दुसरीवरचा सुरू. तोवर पहिली मागं आणून ठेवायची. काही सेकंदांचा तुकडा पाहिजे तेवढा लांबवता येऊ लागला! आपल्या लेझीमच्या पथकात हलगीवाला रंगात आला की तोच ठेका घोळवत ठेवतो ना, तसंच काहीसं. या ‘ब्रेक’वर नाचणारी पोरं म्हणजे ब्रेक-बॉय, थोडक्यात बी-बॉय. ब्रेक डान्सचं नाव पडलं ते यावरून. हातपाय मोडतात म्हणून नव्हे!

सिंडीला कपडे मिळाले. जगाला हिप-हॉप मिळालं.

जळणारं ब्राँक्स

हे सगळं ब्राँक्समध्येच का घडलं? कारण ब्राँक्स तेव्हा जळत होतं. हा शब्दाचा खेळ नाही, खरोखर जळत होतं.

रॉबर्ट मोझेस या बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या योजनेतून दुसऱ्या महायुद्धानंतर या भागाच्या पोटातून एक महामार्ग नेण्यात आला. हजारो कुटुंबं उठवली गेली. ज्यांना परवडलं ते उपनगरांत निघून गेले. मागं राहिले ते गरीब काळे, पोर्तो रिकोहून आलेले आणि कॅरिबियन बेटांतून आलेले लोक. कारखाने बंद पडले. घरभाड्यातून काही निघेना, तेव्हा कित्येक घरमालकांनी विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच इमारतींना आगी लावायला माणसं पाठवली. त्यात शहराची तिजोरी रिकामी. १९७५ साली न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं, त्यामुळे अग्निशमन केंद्रांनाच कात्री लागलेली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत दक्षिण ब्राँक्सच्या कितीतरी पट्ट्यांतल्या निम्म्याहून अधिक इमारती नाहीशा झाल्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शार्लट स्ट्रीटवर येऊन ते विटामातीचे ढिगारे पाहून गेले.

अशा जागी वाढणाऱ्या पोरांचं काय होतं, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. टोळ्या झाल्या. या गल्लीतला त्या गल्लीत गेला तर जिवंत परतेल याची खात्री नाही. १९७१ च्या डिसेंबरात ‘ब्लॅक बेंजी’ नावानं ओळखला जाणारा एक तरुण भांडण मिटवायला मध्ये पडला आणि मारला गेला. आता सूडाचा वणवा पेटणार असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्याच्याच टोळीनं, ‘घेटो ब्रदर्स’नं, सूड घ्यायला नकार दिला. ८ डिसेंबरला हो अव्हेन्यूवरच्या मुलांच्या क्लबात टोळ्यांचे म्होरके एकत्र बसले आणि समझोता झाला. तो काही कायमचा टिकला नाही. पण पोरांना दुसऱ्याच्या गल्लीत पाऊल टाकता येऊ लागलं. दोन वर्षांनी सेजविक अव्हेन्यूच्या त्या खोलीत वेगवेगळ्या गल्ल्यांतली पोरं एकत्र नाचली, त्यामागं हा समझोताही होता.

भांडण संपलं नाही, त्याचं हत्यार बदललं. चाकूऐवजी नाच आला, यमक आलं. कोण कुणापेक्षा भारी हे आता जमावासमोर ठरायचं. आपल्याकडं कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर रात्र रात्र एकमेकांना सवाल टाकत, कोडी घालत, निरुत्तर करत. ज्यांनी गावच्या जत्रेत हे ऐकलं असेल, त्यांना रॅपच्या सामन्यात काय चाललं आहे हे समजावून सांगावं लागणार नाही.

आईनं दार ठोठावलं, आणि...

हिप-हॉपच्या इतिहासात आयांचा वाटा मोठा आहे. कधी कधी तर नकळत!

ब्राँक्समधलाच थिओडोर लिव्हिंग्स्टन हा बारा-तेरा वर्षांचा पोरगा आपल्या खोलीत मोठ्यानं गाणी लावून बसलेला. आई दारात आली, ‘आवाज कमी कर’ म्हणून ओरडली. तिचं बोलणं ऐकण्यासाठी त्यानं फिरती तबकडी हातानं धरून ठेवली आणि नकळत मागंपुढं हलवली. ‘चर्रर्र... चर्रर्र...’ असा आवाज निघाला. आई गेली. पोराला तो आवाज आवडला. मग महिनोन्‌महिने सराव करून त्यानं त्या चरचरण्याला तालात बसवलं. पुढं ‘ग्रँड विझार्ड थिओडोर’ या नावानं गाजलेला हा कलावंत ‘स्क्रॅचिंग’चा शोध असाच लागला, असं स्वतः सांगत आला आहे. जगभरच्या डीजेंचं हे मूळ कसब एका रागावलेल्या आईच्या कृपेनं सापडलं!

बार्बाडोस बेटावर जन्मलेला जोसेफ सॅडलर याची तऱ्हा आणखी वेगळी. तो व्यवसाय-शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. घरातली यंत्रं उघडून बघायची खोड होतीच. हर्कची युक्ती त्याला आवडली, पण दोन तुकड्यांच्या जोडावर ताल चुकतो हे खटकत होतं. त्यानं तबकडीवर खडूच्या पेन्सिलीनं खुणा केल्या आणि घड्याळाच्या काट्यासारखा हिशेब बसवला. तुकडा कुठं सुरू होतो, किती फेरे मागं न्यायचा, सगळं मोजून. हाच तो ‘ग्रँडमास्टर फ्लॅश’. शाळेत वाद्यसंगीत शिकवायला पैसे नव्हते म्हणून या पोरांनी रेकॉर्ड प्लेअरचंच वाद्य केलं.

वही एकाची, गाणं दुसऱ्याचं

सहा वर्षं हा सगळा मामला गल्ल्यांत, बागांत, शाळांच्या व्यायामशाळांत चालला. याची तबकडी निघू शकेल असं कुणाला वाटलंही नव्हतं. १९७९ साली सिल्व्हिया रॉबिन्सन या स्वतः गायिका असलेल्या बाईंनी ते ओळखलं. न्यू जर्सीत त्यांची ‘शुगर हिल’ ही छोटी कंपनी होती. त्यांनी तीन तरुण गोळा केले आणि ‘रॅपर्स डिलाइट’ हे गाणं बाजारात आणलं. गाणं तुफान चाललं. रॅप म्हणजे काय हे अमेरिकेला या गाण्यानं कळलं.

पण या यशाची एक कडू बाजू आहे. त्या तिघांपैकी ‘बिग बँक हँक’ हा पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या कवीची कामं बघायचा. त्यानं गायलेल्या कितीतरी ओळी कॅझच्या वहीतल्या होत्या. इतक्या की, कॅझनं स्वतःचं टोपणनाव जिथं गुंफलं होतं ती ओळही हँकनं तशीच म्हणून टाकली! कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसा. हिप-हॉपचं पहिलं मोठं यश आणि पहिली मोठी फसगत एकाच तबकडीवर आहेत.

तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, ‘द मेसेज’ आलं. तोवर रॅप म्हणजे नाचा, गा, मजा करा. या गाण्यात मेली मेल आणि ड्यूक बूटी यांनी पहिल्यांदा आपली गल्ली जशीच्या तशी मांडली. फुटलेल्या काचा, घाण, कर्ज, बेकारी आणि कोंडीत सापडलेला माणूस. गंमत म्हणजे हे गाणं करायला ग्रुपमधले बरेचजण तयार नव्हते. पार्टीत असलं रडगाणं कोण ऐकणार? लोकांनी ऐकलं. २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांची पहिली यादी केली, तेव्हा त्यात हे गाणं होतं.

नाड्या नसलेले बूट

आता वळूया ज्याची घरोघरी चर्चा होते त्या विषयाकडं, म्हणजे पोरांच्या कपड्यांकडं.

रन-डीएमसी हे त्रिकूट क्वीन्स भागातल्या हॉलिस या बऱ्यापैकी मध्यमवर्गीय वस्तीतलं. डोक्यावर काळी हॅट, अंगात ट्रॅकसूट आणि पायात आदिदासचे नाड्या नसलेले बूट. नाड्या का नाहीत? तुरुंगात कैद्यांच्या बुटांच्या नाड्या काढून घेतात, तिथून ही तऱ्हा गल्लीत आली असं सांगतात. असे बूट घालणारा म्हणजे गुंड, ही प्रतिमा पुसण्यासाठी या तिघांनी १९८६ साली थेट आपल्या बुटांवरच गाणं केलं. त्याच वर्षी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात त्यांनी श्रोत्यांना बूट वर करायला सांगितले आणि हजारो हातांत हजारो बूट उंचावले! आदिदासचा एक अधिकारी तिथं हजर होता. पुढं कंपनीनं त्यांच्याशी दहा लाख डॉलरच्या घरातला करार केला. बुटांचा करार तोवर खेळाडूंशी व्हायचा. गाणाऱ्यांशी असा करार ही नवी गोष्ट होती. आज नट-गायकांच्या नावानं बूट, अत्तरं, घड्याळं निघतात, त्या वाटेवरचा हा मोठा टप्पा.

हॉलिसमधल्याच डेमंड जॉन या तरुणानं १९९२ साली ‘फुबू’ नावानं कपडे सुरू केले. ‘आपल्यासाठी, आपणच केलेलं’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं. शिवणकाम त्याला आईनं शिकवलेलं. मागणी वाढली आणि भांडवल नव्हतं, तेव्हा याच माउलीनं राहतं घर गहाण टाकून एक लाख डॉलर उभे केले. घरातच शिलाई यंत्रं मांडली गेली. पोरानं ते फेडलं, आणि नाव काढलं.

हार्लेमच्या डॅपर डॅनची कथा मात्र डोळे उघडणारी आहे. १२५व्या रस्त्यावर १९८२ साली त्यानं दुकान काढलं. युरोपातल्या बड्या कंपन्यांची चिन्हं कातड्यावर छापून तो रॅपर आणि खेळाडूंसाठी झगमगीत जाकिटं शिवायचा. त्या कंपन्या अशी जाकिटं स्वतः करतच नव्हत्या. साहजिकच खटले झाले, धाडी पडल्या, १९९२ मध्ये दुकान बंद झालं. पंचवीस वर्षं गेली. २०१७ साली गुच्ची या त्यांतल्याच एका कंपनीनं नवं जाकीट दाखवलं आणि लोकांनी लगेच ओळखलं, हे तर डॅपर डॅनचं! केवढा गहजब झाला. शेवटी कंपनीनं त्याच्याशीच भागीदारी केली आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याचं दुकान पुन्हा उघडलं. गरिबानं उचललं की चोरी, श्रीमंतानं उचललं की फॅशन! या प्रकरणात निदान शेवट तरी गोड झाला.

शिव्या, बंदुका आणि आईबापांची धास्ती

‘‘ते सगळं खरं हो, पण त्या गाण्यांतल्या शिव्यांचं काय? बायकांबद्दल जे बोलतात त्याचं काय?’’ हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. तो यायलाच हवा.

१९८८ साली लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या ‘एनडब्ल्यूए’ या ग्रुपनं पोलिसांवर अत्यंत शिवराळ गाणं केलं. १९८९ च्या ऑगस्टमध्ये एफबीआयच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्यांच्या कंपनीला नापसंतीचं पत्र धाडलं. त्या पत्रानं अल्बमची जाहिरातच झाली. १९९० मध्ये ‘पालकांनो, सावधान’ अशा अर्थाचं काळं-पांढरं लेबल अमेरिकेतल्या तबकड्यांवर सरसकट एकाच नमुन्यात छापायला सुरुवात झाली. पोरांनी काय केलं? लेबल बघून तबकड्या घेतल्या! पण याच लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी बेदम मारल्याचं चित्रीकरण साऱ्या जगानं पाहिलं. १९९२ मध्ये ते पोलीस सुटले आणि शहर पेटलं. तेव्हा अनेकांना त्या शिवराळ गाण्याची आठवण झाली. भाषा घाण होती, तक्रार खोटी नव्हती.

मात्र प्रत्येक वेळी असं म्हणता येत नाही. नव्वदच्या दशकात पूर्व किनारा विरुद्ध पश्चिम किनारा असं वैर उभं राहिलं. कंपन्यांचा खप वाढला, नियतकालिकांनी आगीत तेल ओतलं. १३ सप्टेंबर १९९६ रोजी टुपॅक शकूर गोळीबारातल्या जखमांनी मरण पावला. वय पंचवीस. सहा महिन्यांनी, ९ मार्च १९९७ रोजी, नोटोरियस बीआयजी मारला गेला. वय चोवीस. टुपॅकच्या खून प्रकरणात पहिली अटक व्हायला २०२३ उजाडलं. आपल्या आईच्या कष्टांवर टुपॅकनं केलेलं गाणं आज राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत आहे. त्याच आईला पोराचे अंत्यसंस्कार करावे लागले. ‘गँगस्टर’ ही प्रतिमा विकून पैसा कंपन्यांनी कमावला, गोळ्या मात्र पोरांनी झेलल्या.

बायकांचं म्हणाल तर हिप-हॉपमधल्या बायकाच सगळ्यात आधी बोलल्या. १९८४ साली चौदा वर्षांची रोक्सान शांते पुरुषांच्या गाण्याला जबाब देत पुढं आली. १९९३ मध्ये क्वीन लतिफानं बाईला घाणेरड्या नावानं हाक मारणाऱ्यांना भर गाण्यात खडसावलं, आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. २००४ साली अटलांटातल्या स्पेलमन या काळ्या मुलींच्या कॉलेजात नेली हा लोकप्रिय रॅपर येणार होता. त्याची बहीण रक्ताच्या कर्करोगानं आजारी होती, अस्थिमज्जा दान करणाऱ्यांची नोंदणी करायची होती. काम पुण्याचं. पण मुलींनी विचारलं, तुझ्या व्हिडिओत बाईची जी विटंबना आहे तिच्यावरही बोलशील का? शेवटी कार्यक्रमच रद्द झाला. कोण बरोबर? उत्तर सोपं नाही. एकीकडं एका मुलीचा जीव, दुसरीकडं हजारो मुलींची इज्जत. पण त्या विद्यार्थिनींना हिप-हॉप नको नव्हतं. ते त्यांचंच होतं, म्हणून तर त्या जाब विचारत होत्या.

मानपान, आणि रिकामी पडलेली झोळी

आता जरा मानपानाचा हिशेब बघा. १९९९ मध्ये लॉरिन हिल हिला एकाच रात्री पाच ग्रॅमी मिळाली, त्यांत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचंही. २०१५ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यकाळातल्या नेत्यावरचं ‘हॅमिल्टन’ हे नाटक रॅपमधून सादर झालं आणि तिकिटांवर उड्या पडल्या. २०१७ मध्ये नील्सन या संस्थेच्या पाहणीत आर अँड बी आणि हिप-हॉप मिळून अमेरिकेत रॉक संगीताच्या पुढं गेले. २०१८ मध्ये कॉम्प्टनच्याच केंड्रिक लामारला संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून हा मान मिळवणारा तो पहिलाच. २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या सरकारी वसाहतीत वाढलेल्या जे-झीला ‘फोर्ब्ज’नं अब्जाधीश ठरवलं. आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग हा चक्क पदकाचा खेळ होता! जपानच्या अमीनं आणि कॅनडाच्या फिल विझार्डनं सुवर्णपदकं नेली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या यादीत मात्र त्याला जागा मिळाली नाही.

आणि कूल हर्क? २०११ च्या सुरुवातीला बातमी आली की मूतखड्यानं आजारी असलेल्या हर्ककडं उपचारांसाठी विमाच नाही. ज्याच्या दोन तबकड्यांवर हा बाजार उभा, त्याची ही अवस्था. त्यानं कधी गाजलेली तबकडी काढली नव्हती, आणि ठेका लांबवण्याच्या युक्तीला हक्क-मानधन मिळत नाही. २०२३ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नं त्याचा सन्मान केला. उशिरा का होईना.

सेजविक अव्हेन्यूच्या त्या इमारतीचंही तसंच. २००७ साली न्यूयॉर्क राज्यानं तिला हिप-हॉपचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. नेमक्या त्याच सुमारास मालकांना ती स्वस्त घरांच्या योजनेतून बाहेर काढायची होती. भाडेकरू लढले, हर्क त्यांच्यासोबत उभा राहिला. काही वर्षांच्या ओढाताणीनंतर शहराच्या मदतीनं ती घरं वाचली. गिरणगावातल्या वाचकांना हे वाचून काही आठवेल.

कुर्ला, अंधेरी, धारावी, पुणे

आपल्याकडं हे वारं आलं ते आधी नाचातून. १९८५ च्या ‘मेरी जंग’मध्ये जावेद जाफरीनं अंगाला असे काही झटके दिले की गणेशोत्सवाच्या मंडपांत पोरं जमिनीवर लोळू लागली. १९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, त्यांच्यासोबत एमटीव्ही आला. १९९२ मध्ये बाबा सहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ गाजलं, १९९४ मध्ये रहमानच्या संगीतावर प्रभुदेवानं तमिळ रॅप नाचवलं. पण ही सगळी गंमत होती. गल्ली अजून बोलत नव्हती.

ती बोलली २०१४ मध्ये. कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर गाणं ध्वनिमुद्रित केलं, त्यावरच चित्रित केलं आणि ‘आफत’ नावानं सोडून दिलं. अंधेरीच्या जे. बी. नगरातल्या विव्हियन फर्नांडिसनं, म्हणजे डिव्हाइननं, त्याच्यासोबत २०१५ मध्ये ‘मेरे गली में’ केलं. या दोघांच्या आयुष्यांवरून सुचलेला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ ला आला, तेरा फिल्मफेअर घेऊन गेला, भारताकडून ऑस्करलाही धाडला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या झोपडपट्टीतून आलेल्या एमसी स्टॅननं ‘बिग बॉस’ जिंकलं. धारावीत तर शाळा सुटल्यावर मुलांना रॅप आणि ब्रेकिंग शिकवणारे वर्ग चालू झाले.

धारावीचं नाव निघालं की आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिला लागूनच माटुंगा लेबर कॅम्प आहे. याच कष्टकरी मुंबईत १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि डफाच्या तालावर कामगारांचं दुःख रस्त्यावर मांडलं. म्हणजे गल्लीनं बोलायला शिकण्यासाठी आपल्याला न्यूयॉर्ककडं बघायची गरज होती अशातला भाग नाही. बोलण्याची किंमतही दोन्हीकडं सारखीच. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर राजकीय टीका करणाऱ्या रॅपवरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. एफबीआयचं पत्र आणि पोलिसांचा एफआयआर, कागद वेगळे, अस्वस्थता तीच.

मग आईबापांनी करायचं काय?

पहिली गोष्ट म्हणजे कानातली ती यंत्रं हिसकावू नका. लेबल लावलं तेव्हा अमेरिकेत काय झालं ते वर वाचलंतच. त्यापेक्षा एखाद्या रविवारी पोराला म्हणा, ‘‘तुला आवडतं ते एक गाणं मला ऐकव आणि समजावून सांग.’’ तो आधी लाजेल, मग फुलेल. शब्द कळले की तीन प्रश्न विचारा. हा जे सांगतोय ते यानं भोगलंय, की नुसतं विकायला मांडलंय? यात बाईला काय म्हटलंय, आणि तेच तुझ्या ताईला कुणी म्हटलं तर चालेल? आणि गळ्यातल्या त्या जाड साखळीचे पैसे अखेर कुणाच्या खिशात गेले? प्रवचन नको. प्रश्न पुरेत. पोरं हुशार असतात, उत्तरं त्यांची ती शोधतात.

मुलगी ऐकत असेल तर तिलाही हेच विचारा. रोक्सान शांते चौदाची होती हेही सांगा.

आणि तो नुसता ऐकत नसून वहीत काही खरडत असेल, तर नशीब समजा. यमक जुळवायला शब्द लागतात, शब्दांसाठी वाचावं लागतं, आणि लिहायचं तर स्वतःच्या गल्लीकडं डोळे उघडून बघावं लागतं. फक्त त्याला एक सांगून ठेवा. वही कुणालाही खुशाल वाचायला दे, पण पहिल्या पानावर आपलं नाव लिही, तारीख घाल आणि एक प्रत घरात ठेव. कॅझची वही अशीच दुसऱ्याच्या हातात गेली होती.